मागणीपत्रात आपले नाव



वसई-विरारमधल्या आपल्या कितीतरी घरांची चूल पालिकेच्या, रेल्वेच्या किंवा एस.टी.च्या पगारावर पेटते. पगारवाढीची बोलणी निघाली की आपण म्हणतो, युनियनवाले बघून घेतील. पण युनियनने काय मागायचे, हे कोण ठरवते? बाबासाहेबांचे जीवन एकदा या प्रश्नाच्या बाजूने पाहा.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. त्या काळी विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे आणि स्पृश्य कामगाराला त्याचा विटाळ होई. चांगली मजुरी मात्र त्याच खात्यात. संपाच्या मागण्यांत याबद्दल अवाक्षर नव्हते. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावले, हा अन्याय यादीत घ्या, नाहीतर आमचे लोक संपात नाहीत. नाखुशीने का होईना, ती मागणी यादीत आली. ध्यानात घ्या, जे मागणीपत्रात नाही त्यावर मालक कधीच बोलत नाही.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला ते रेल्वेतील अस्पृश्य कामगारांसमोर उभे राहिले. गँगमन म्हणून लागलेला आपला माणूस वर्षानुवर्षे गँगमनच राही. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगाराचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी तिथे सांगितले. त्याच वर्षी संपाचा हक्क आवळणारे औद्योगिक कलह विधेयक मुंबई सरकारने आणले. बाबासाहेबांनी ते विधिमंडळात झोडपले आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांनी एक दिवसाचा संप केला. संपाचा हक्कच गेला, तर वाटाघाटी म्हणजे विनवणी उरते.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. सरकार, मालक आणि कामगार यांना त्यांनी एका बैठकीत आणले. मालकाने पात्र युनियनला मान्यता दिलीच पाहिजे, असे विधेयक त्यांनी १९४३ साली मांडले. तसा कायदा १९४७ साली संमत झाला, पण अंमलात कधीच आला नाही. महाराष्ट्राने १९७१ साली स्वतःचा कायदा केला. त्यात मान्यतेसाठी किमान ३० टक्के सभासद लागत. २०२० च्या केंद्रीय संहितेत एकट्या युनियनने वाटाघाटी करायच्या, तर ५१ टक्क्यांची अट आहे. म्हणजे टेबलाशी खुर्ची मिळते ती सभासदांच्या वहीवरून.

पुढचा क्रम साधा आहे. सभेत मागण्या ठरतात, मागणीपत्र जाते, चर्चा होते. ती अडली तर सरकारी समेट अधिकारी मध्ये बसतो. त्याच्यासमोर झालेला करार सभासद नसलेल्यांनाही लागू होतो.

सोपाऱ्याच्या स्तूपाला वंदन करताना आणखी एक गोष्ट आठवा. ठराव, गणपूर्ती आणि मतमोजणी यांचे नियम भिक्खूसंघाला ठाऊक होते, याची आठवण बाबासाहेबांनी १९४९ साली संविधान सभेला करून दिली होती. सभा हा आपला जुना वारसा आहे. तिथे गैरहजर राहू नका.

बंधूंनो, ठेकेदारामार्फत लागलेला सफाई कामगार तोच कचरा उचलतो, पण कायम कामगारांच्या करारात तो बहुधा बसत नाही. त्याच्यासाठी आजचे विणकाम खाते हेच. युनियनच्या पुढच्या सभेला जा, वर्गणीची पावती घ्या आणि उभे राहून विचारा, यादीत त्याची मागणी कुठे आहे?

जयभीम.