सत्येंद्रनाथ बोस

१९२४ सालच्या जून महिन्यात ढाका विद्यापीठातील एका तरुण अध्यापकाने बर्लिनला एक पत्र धाडले. सोबत एक लहानसा इंग्रजी निबंध होता. पत्र ज्यांना लिहिले होते ते अल्बर्ट आइन्स्टाइन तेव्हा जगद्विख्यात होते. लिहिणाऱ्याचे नाव मात्र युरोपात फारसे कोणास ठाऊक नव्हते. हाच निबंध त्याने आधी इंग्लंडमधील एका नियतकालिकाकडे पाठविला होता. तेथे तो छापला गेला नाही. तरीही हताश न होता त्याने थेट आइन्स्टाइन यांचे दार ठोठावले.

हे अध्यापक म्हणजे सत्येंद्रनाथ बोस. त्यांचा जन्म १ जानेवारी १८९४ रोजी कलकत्त्यास झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस व प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. १९१५ साली एम.एस्‌सी.च्या परीक्षेत ते पहिले आले. दुसरे आले त्यांचे मित्र मेघनाद साहा. आणि तेही पुढे थोर शास्त्रज्ञ झाले! १९२१ मध्ये सत्येंद्रनाथ नव्याने निघालेल्या ढाका विद्यापीठात गेले.

प्रकाशाविषयीचे प्लांक यांचे सूत्र शिकविताना त्याची रूढ सिद्धता त्यांना पटेना. त्यांनी मोजण्याची रीतच बदलली. दोन नाणी उडविली तर चार प्रकार संभवतात : दोन्ही छापा, दोन्ही काटा, पहिल्यावर छापा व दुसऱ्यावर काटा, आणि याच्या उलट. परंतु नाणी इतकी एकसारखी असली की पहिले कोणते व दुसरे कोणते हे सांगताच येऊ नये, तर? मग शेवटचे दोन प्रकार एकच होतात आणि तीनच उरतात. प्रकाशकण अशाच रीतीने मोजावे लागतात, हे बोस यांच्या निबंधाचे सार होते.

आइन्स्टाइन यांनी तो निबंध स्वतः जर्मन भाषेत उतरविला आणि छापविला. पुढे हेच गणित अणूंना लावून त्यांनी भाकीत केले की, अतिशय थंड केलेल्या वायूतील असंख्य अणू एकाच स्थितीत गोळा होतील.

बोस दोन वर्षे युरोपात राहून परतले. डॉक्टरेट नसतानाही ते ढाक्यास प्राध्यापक झाले. १९४५ साली ते कलकत्त्यास आले. मातृभाषेतून विज्ञान शिकविता येते, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी १९४८ मध्ये त्यांनी बंगीय विज्ञान परिषद स्थापिली. फावल्या वेळी ते इसराज वाजवीत. ४ फेब्रुवारी १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. ते भाकीत तेव्हा वायूत प्रत्यक्ष उतरलेले नव्हते.

ते उतरले १९९५ साली, अमेरिकेतील बोल्डर येथे. कॉर्नेल व वीमन यांनी रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या अगदी लगत, एका अंशाच्या दहा लाखाव्या भागाहूनही जवळ, नेले. परंतु इतक्या थंडीतही अणू एकमेकांस भेटतातच. काही जातींचे अणू एकमेकांना दूर सारतात, काही ओढतात. ओढणाऱ्या अणूंचा ढग मोठा झाला की आपल्याच ओढीने कोसळतो.

यावर उपाय सापडला तो चुंबकाचा. असा प्रत्येक अणू हा एक इवलासा चुंबकच असतो. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावले की त्याची ऊर्जा बदलते. मात्र सुट्या जोडीची ऊर्जा जितकी बदलते तितकीच क्षणभर जुळलेल्या जोडीची बदलत नाही. क्षेत्र वाढवीत नेले असता एका ठिकाणी दोन्ही ऊर्जा समान होतात. तेथे भेटणारे अणू क्षणभर एकमेकांस बिलगून मग सुटतात आणि टकरीचे स्वरूपच पालटते. त्या जागेच्या एका बाजूस ओढ, दुसऱ्या बाजूस दुरावा! अमेरिकन शास्त्रज्ञ हर्मन फेशबाख यांच्या नावाने ही घटना ओळखली जाते. बोस यांच्याच वायूत ती १९९८ मध्ये प्रथम दिसली.

२००० साली बोल्डर येथे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीनशे पट क्षेत्र लावून ओढणाऱ्या रुबिडियम-८५ अणूंना दूर राहावयास लावले, आणि हजारो अणूंचा ढग टिकला. पुढच्या वर्षी तेथेच क्षेत्र एकाएकी बदलून ओढ पुन्हा आणली. ढग आत कोसळला आणि त्याचा काही भाग स्फोट होऊन बाहेर उधळला. सुपरनोव्हा या ताऱ्याच्या स्फोटाची आठवण होऊन शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिले : बोसनोव्हा.