संत फ्रान्सिस झेवियर: पॅरिसमधील अकरा वर्षे

३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा सण. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस महामंदिरात त्यांचे पवित्र अवशेष आहेत आणि दरवर्षी आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे तेथे दर्शनाला जातात. भारतात, मलाक्कात, जपानात सुवार्ता सांगणारे फ्रान्सिस आपल्याला ठाऊक आहेत. परंतु त्याआधी तब्बल अकरा वर्षे ते परक्या शहरात राहून शिकणारे व शिकवणारे एक तरुण होते, हे सहसा आपल्या लक्षात येत नाही. आज आपल्या घरांतील मुले-मुली शिक्षणासाठी परदेशी जात आहेत. म्हणून ह्या सणानिमित्त त्या अकरा वर्षांची ओळख करून घेऊ या.

फ्रान्सिस ह्यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नावार राज्यातील झेवियरच्या गढीत झाला. वडील कायद्याचे पंडित आणि राजाच्या दरबारी होते. १५१२ साली कॅस्टिलच्या फौजांनी नावार जिंकले. १५१५ साली वडील वारले आणि पुढच्याच वर्षी शत्रूच्या हुकमाने गढीचे बुरूज पाडण्यात आले. दोघे थोरले भाऊ हरलेले राज्य परत मिळवण्यासाठी लढत राहिले. धाकट्या फ्रान्सिसने मात्र विद्येची वाट धरली. शिकावे, मोठे पद मिळवावे आणि घराण्याला पुन्हा चांगले दिवस आणावेत, अशी त्यांची आकांक्षा होती.

१५२५ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते पॅरिसला आले आणि संत बार्बरा महाविद्यालयात दाखल झाले. तेथे सारे शिक्षण लॅटिन भाषेत चाले. पहाटे चार वाजता उठायचे आणि उजाडण्यापूर्वीच पहिल्या तासाला बसायचे, असा शिरस्ता होता. फ्रान्सिस हुशार होते, खेळात तरबेज होते. उंच उडीत त्यांचा हात धरणारे थोडेच होते. पण मोठ्या शहरातील मोहही तेथे होते. एक शिक्षकच काही विद्यार्थ्यांना रात्री वाईट वस्तीत नेत असे. दुराचारामुळे झालेले रोग पाहून आपण घाबरलो आणि त्या भीतीनेच वाचलो, असे फ्रान्सिस ह्यांनी पुढे मयलापूर येथे एका धर्मगुरूंना मोकळेपणाने सांगितले होते. १५२९ साली आई वारली, तेव्हाही ते पॅरिसमध्येच होते.

ह्या सगळ्यात त्यांच्या खोलीत कोण होते, हे फार महत्त्वाचे ठरले. एक होता पीटर फाबर. तो त्यांच्याच वयाचा, सव्हॉयच्या डोंगराळ भागात लहानपणी मेंढरे राखलेला, स्वभावाने शांत आणि श्रद्धाळू होता. सरदारपुत्र आणि मेंढपाळ एका छपराखाली राहून एकच ग्रंथ अभ्यासत होते. १५३० साली दोघांनाही पदवी मिळाली आणि फ्रान्सिस बोव्हे महाविद्यालयात ॲरिस्टॉटल शिकवू लागले.

दुसरा सोबती १५२९ साली आला. त्याचे वय अडतीसच्या आसपास होते, तो एका पायाने लंगडत चाले आणि भिक्षा मागून शिकत असे. तो म्हणजे लोयोलाचा इग्नेशियस. १५२१ साली पाम्पलोना येथे कॅस्टिलच्या बाजूने लढताना त्याचा पाय तोफगोळ्याने मोडला होता. म्हणजे ज्या पक्षाविरुद्ध फ्रान्सिसचे भाऊ लढले, त्याच पक्षाचा हा सैनिक आता त्यांच्या खोलीत राहायला आला! फाबर लवकरच इग्नेशियसचा मित्र झाला. फ्रान्सिस मात्र कित्येक वर्षे दूरच राहिले. त्यांचे लक्ष पाम्पलोनाच्या महामंदिरातील मानाच्या पदाकडे होते. त्यासाठी आपल्या कुलीनतेचा दाखला मिळावा म्हणून त्यांनी १५३१ साली अर्जही केला होता.

इग्नेशियसने वाद घातला नाही. फ्रान्सिसच्या वर्गाला त्याने विद्यार्थी मिळवून दिले, पैशांची चणचण असताना मदत केली. सारे जग हाती आले तरी आत्म्याचे काय, हा प्रभू येशूचा प्रश्न तो त्यांच्यापुढे पुनःपुन्हा ठेवत राहिला. अखेर फ्रान्सिसचे मन पालटले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, पॅरिसजवळच्या मोंमार्त्र टेकडीवरील छोट्या प्रार्थनामंदिरात सात मित्रांनी व्रत घेतले. येशूसंघाचे बीज तेथे पेरले गेले.

१५३५ साली फ्रान्सिस ह्यांनी भावाला लिहिलेले एक पत्र आजही उपलब्ध आहे. कोणीतरी घरी त्यांच्याविषयी भलतेसलते कळवले होते. त्याचे दुःख ते व्यक्त करतात, हात आखडता असल्याचे सांगून पैशांची मदत मागतात आणि इग्नेशियसने आपल्याला वाईट संगतीपासून कसे वाचवले हेही कळवतात. ते पत्र इग्नेशियसनेच पोहोचते केले. कुलीनतेचा दाखला १५३६ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झाला. नोव्हेंबरमध्ये फ्रान्सिस पॅरिस सोडून व्हेनिसच्या वाटेला लागले होते. त्या दाखल्याची त्यांना आता गरज उरली नव्हती.

भारताची वाटही त्याच महाविद्यालयातून निघाली. तेथील पोर्तुगीज प्राचार्य दियोगो द गुव्हैया ह्यांनी १५३८ साली पोर्तुगालच्या राजाला सुचवले की, भारतासाठी हे तरुण योग्य आहेत. ६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस गोव्यात उतरले. पुढे आपल्या वसईच्या भूमीलाही त्यांचे पाय लागले. १५४४ साली कोचीनहून लिहिताना त्यांना पुन्हा पॅरिस आठवले. विद्या भरपूर पण तिचा उपयोग करण्याची तळमळ थोडी, अशा तेथील विद्वानांना जाऊन हलवून जागे करावे, असे त्यांना वाटत होते. मित्रांच्या पत्रांतील सह्या कापून त्या ते जवळ बाळगत असत. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर त्यांनी देह ठेवला. १६२२ साली फ्रान्सिस आणि इग्नेशियस एकाच दिवशी संत म्हणून जाहीर झाले. फाबरला हा मान २०१३ साली मिळाला. एका खोलीतील तिघे जण आज संतांच्या मालिकेत आहेत.

मूल परदेशी निघाले की आपण फी, व्हिसा आणि नोकरी ह्यांची चौकशी करतो, आणि ती करायलाच हवी. त्याबरोबर, त्याच्या खोलीत सोबतीला कोण आहे, हेही प्रेमाने विचारू या. संशयाने नव्हे, कारण फ्रान्सिसच्या घरीही नुसत्या ऐकीव गोष्टी पोहोचल्या होत्या. आणि आपल्या शेजारी भाड्याच्या खोलीत राहून शिकणारे बाहेरगावचे एखादे मूल असेल, तर ह्या सणाच्या दिवशी त्याला जेवायला बोलावू या. परक्या शहरात एक चांगला सोबती मिळाला की काय घडू शकते, हे आपण पाहिलेच आहे.