शार्ल रिशे : वावड्यामागचे शास्त्र

पावसाळ्यात मुंबईच्या चौपाटीवर वाहून येणारे ‘ब्लू बॉटल’ नावाचे निळसर, दंश करणारे फुगे अनेक वाचकांस आठवत असतील. त्यांच्याच एका भाऊबंदाच्या विषाने १९०१ साली एका फ्रेंच शास्त्रज्ञास नवी वाट दाखविली.

शार्ल रिशे यांचा जन्म २६ ऑगस्ट १८५० रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील नामांकित शल्यविशारद. शरीरक्रियाशास्त्राची प्राध्यापकी सांभाळून रिशे यांनी नाटके लिहिली, विमानविद्येत लक्ष घातले आणि परलोकविद्येतही बराच काळ घालविला. या शेवटच्या छंदाचे आम्हांस कौतुक नाही. त्यांच्या वंशशुद्धीच्या विचारांचे तर मुळीच नाही.

मोनॅकोचे राजे आल्बेर यांच्या नौकेवर पॉल पोर्तिए यांच्यासह त्यांनी त्या सागरी विषाचा अभ्यास आरंभिला. पॅरिसला परतल्यावर खडकांना चिकटून राहणाऱ्या समुद्रफुलाचे विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग केले. त्यांत नेपच्यून नावाचा एक धट्टाकट्टा कुत्रा होता. पहिल्या वेळी त्याने विष सहज सोसले. सुमारे तीन आठवड्यांनी तशीच अल्प मात्रा टोचली मात्र, काही क्षणांतच त्याला धाप लागली, तो कोसळला आणि पंचवीस मिनिटांत गतप्राण झाला. सवयीने विष पचते, या रूढ समजुतीच्या नेमके उलट घडले होते. पहिल्या भेटीची खूण शरीराने वैऱ्यासारखी जपून ठेवली होती! फेब्रुवारी १९०२ मध्ये हा शोध जाहीर झाला. संरक्षणाच्या विपरीत, अशा अर्थाने रिशे यांनी त्यास ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ हे नाव दिले. १९१३ चे नोबेल पारितोषिक त्यांस याच कार्यासाठी मिळाले. ४ डिसेंबर १९३५ रोजी ते निवर्तले.

योगायोग असा की, याच विकारावर आज प्रथम दिले जाणारे अ‍ॅड्रेनालिन जोकिची ताकामिने यांनी शुद्ध रूपात मिळविल्याचे १९०१ सालीच जाहीर झाले.

शेंगदाणा, कोळंबी, मधमाशीचा दंश वा पेनिसिलिन, निमित्त काहीही असो. ओठ-जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, धाप, ओकाऱ्या, भोवळ ही लक्षणे झपाट्याने दिसू लागतात. अंगावर गांधी उठतीलच असे नाही. अशा वेळी मांडीच्या बाहेरील स्नायूत अ‍ॅड्रेनालिन तत्काळ टोचावे लागते. पाच मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा. खाजेच्या गोळीवर विसंबून वेळ दवडणे घातक ठरते. रोग्यास उठवू वा चालवू नये. निजवून पाय उंच करावेत. फारच धाप असल्यास बसू द्यावे. आराम पडला तरी त्रास पुन्हा उसळू शकतो, म्हणून काही तास रुग्णालयातच ठेवतात.

आपणां परमुलखांत राहणाऱ्यांस एक अडचण अधिक. घरच्या माणसांचे वावडे गावाकडच्या डॉक्टरांस तोंडपाठ असते, येथील नव्या डॉक्टरांस नसते. ते लिहून जवळ बाळगावे आणि सुई टोचण्यापूर्वीच सांगावे.