लेकीच्या शाळेसाठी गाव बदलणारी आई : बालवाडीच्या जनक ताराबाई मोडक

आलापल्ली : जंगल खात्यात, पोलिसांत, शाळेत किंवा दवाखान्यात बदली होऊन दरवर्षी किती तरी कुटुंबं आलापल्लीला येतात. भाड्याची खोली मिळते, गॅस मिळतो, दूधवालाही लागतो. मग घरात एकच विषय सुरू होतो, तीन वर्षांच्या लेकराला घालायचं कुठं? शेजारच्या अंगणवाडीत की व्हॅन येते त्या कॉन्व्हेंटमध्ये? त्यात लेकरू बोलतं एक आणि मास्तरीण बोलते दुसरंच. कुणाच्या घरी गोंडी, कुणाच्या माडिया, कुणाच्या तेलुगू, तर कुणाच्या वऱ्हाडी.

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका मराठी आईला पडला होता. त्याचं उत्तर शोधता शोधता तिने हातची मोठी नोकरी सोडली, गाव बदललं आणि शेवटी बालवाडी गावागावांत नेली. त्यांचं नाव ताराबाई मोडक.

मुंबईची मुलगी, अमरावतीची सून

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई प्रार्थना समाजाच्या विचारांचे. मुलीला शिकवायचं की नाही, हा वाद त्या घरात नव्हताच. ज्या काळात मुलींची शाळा चौथीतच सुटायची, त्या काळात, 1914 साली ताराबाई बी. ए. झाल्या.

1915 साली लग्न झालं. नवरा वकील, गाव अमरावती. म्हणजे ताराबाई आपल्या विदर्भाच्या सून झाल्या. घरात लेक जन्माला आली, तिचं नाव प्रभा. पण संसार काही टिकला नाही. 1921 साली नवरा-बायको वेगळे झाले. नवऱ्याला सोडून राहणाऱ्या बाईकडे लोक कसं बघायचे, हे वेगळं सांगायला नको. पदरात लहान लेक, आणि दोघींचं पोट स्वतःच्या कमाईवर चालवायचं.

मोठी नोकरी, पण लेकीचं काय?

ताराबाईंचं शिक्षण कामी आलं. गुजरातेत राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज होतं. शिक्षिका तयार करणाऱ्या या कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. ती खुर्ची एका हिंदी बाईला मिळणं तेव्हा मोठी गोष्ट होती. पगार चांगला, मान चांगला.

पण घरी प्रभा मोठी होत होती. नवा मुलूख, नवी भाषा. एवढ्याशा पोरीला शिकवायचं कसं, कुठल्या शाळेत घालायचं? तेव्हा लहान लेकरांसाठी शाळा अशा नव्हत्याच. ज्या होत्या तिथं पाटी, पाढे आणि छडी. दुसऱ्यांच्या शाळांना शिक्षिका देणाऱ्या प्राचार्यांना स्वतःच्या लेकीजोगी शाळा दिसत नव्हती.

त्याच सुमारास त्यांना भावनगरची माहिती कळली. तिथं गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ होते. तेही आधी वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या विचारात त्यांच्या हाती मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टरबाईंचे विचार आले. माँटेसरीबाईंनी 1907 साली रोममधल्या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं होतं. मूल मारून शिकत नाही, हातांनी करून शिकतं, हे त्यांनी तिथं दाखवलं. गिजुभाईंनी वकिली सोडली आणि 1920 साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं.

1923 साली ताराबाईंनी प्राचार्यपदाचा राजीनामा दिला आणि लेकीला घेऊन भावनगर गाठलं. एकट्या बाईने पक्की नोकरी सोडून लहान मुलांच्या शाळेत काम धरायचं, हा साधा निर्णय नव्हता. पण लेकीला जी शाळा पाहिजे, ती आपणच उभी करू, असा त्यांचा हिशेब होता.

भावनगरात नऊ वर्षं

बालमंदिरात मुलं गाणी म्हणायची, गोष्टी ऐकायची, झाडायची, पाणी भरायची, मातीत खेळायची. भीती नाही, बक्षिसाची लालूच नाही. ताराबाई मुलांमध्ये बसून हे काम शिकल्या. 1926 साली गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बालशिक्षण संघ काढला. गुजरातीत शिक्षण पत्रिका निघत होती, पुढे ताराबाईंनी ती मराठीतही चालवली. लहान मुलाला मारू नका, घाबरवू नका, हे तिच्यातून मराठी आईबापांच्या घरात पोचलं.

भावनगर सोडल्यावर त्या मुंबईला परतल्या आणि 1936 साली दादरला शिशुविहार सुरू केलं. बालशिक्षणासाठी शिक्षिकाही तिथं तयार होऊ लागल्या. काम नावारूपाला आलं. इथं थांबल्या असत्या तरी नाव राहिलंच असतं.

शहर सोडून बोर्डीला

पण ताराबाईंना एक गोष्ट खटकत होती. माँटेसरीचं साहित्य महाग. शाळा शहरात. शिकणारी पोरं पोट भरलेल्या घरची. मग खेड्यातल्या लेकराने काय करायचं? त्याला तीन ते सहा ही वर्षं येत नाहीत काय?

1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये आहे. सोबतीला अनुताई वाघ आल्या. अनुताई 1910 साली जन्मलेल्या, बालविधवा, शिकून शिक्षिका झालेल्या. ही जोडी पुढे शेवटपर्यंत टिकली.

सुरुवातीला अडचण अशी आली की बालवाडीत सुस्थितीतल्या घरची पोरं यायची, दलित वस्तीतली यायची नाहीत. बोलावलं तरी नाही. आईबाप सकाळीच मजुरीला जायचे, मोठी बहीण लहान्याला सांभाळायची. अंगावर कपडा नाही, अंघोळ नाही, आणि गावात जायची भीती वेगळीच.

यावर ताराबाईंनी सोपा तोडगा काढला. पोरं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच पोरांकडे न्यायची. अनुताई आणि त्यांच्या सोबतिणी वस्तीत जाऊन कुणाच्या तरी अंगणात बसू लागल्या. आधी पोरांची नखं काढायची, अंघोळ घालायची, मग गाणी आणि गोष्टी. हीच ती अंगणातली बालवाडी. महागड्या साहित्याच्या जागी शिंपले, गोटे, बिया, पानं आणि काड्या आल्या. मोजायला चिंचोके चालतात, त्यासाठी इटलीहून पेटी आणायची गरज नाही, हे त्यांनी करून दाखवलं.

कोसबाडची टेकडी आणि कुरणशाळा

1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आजूबाजूला वारली आदिवासींचे पाडे. आलापल्लीच्या लोकांना तिथलं चित्र ओळखीचं वाटेल. जंगल, दूर दूर घरं, मुलांची बोली वेगळी आणि पुस्तकातली मराठी वेगळी. थोडी मोठी पोरं तर दिवसभर गुरांमागे.

इथंही तोच तोडगा. पोरगं गुरं सोडून येत नसेल तर बाईंनी कुरणात जायचं. गुरं चरतायत, झाडाखाली पोरं शिकतायत, अशी कुरणशाळा सुरू झाली. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा असलेली विकासवाडी उभी राहिली. लहान भावंड पाळणाघरात राहिल्यामुळे मोठ्या बहिणीचीही शाळा सुटली नाही.

सरकारने 1962 साली ताराबाईंना पद्मभूषण दिलं. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचं निधन झालं. अनुताईंनी काम पुढे नेलं. 1985 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 1992 साली त्याही गेल्या.

ताराबाई गेल्या त्याच वर्षी, डिसेंबर 1973 मध्ये, आलापल्लीच्या पुढे भामरागडच्या जंगलात हेमलकशाला बाबा आमटेंनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, देशात एकात्मिक बालविकास योजना आली आणि गावोगावी अंगणवाडी दिसू लागली. अंगणात भरणारी शाळा तोवर बोर्डीत भरून गेली होती.

आजच्या आईबापांसाठी

नव्या गावात लेकरासाठी शाळा बघताना ताराबाईंच्या कामातून काही साध्या खुणा मिळतात. इमारत रंगवलेली आहे की नाही, हे नंतर बघावं. आधी तिथली पोरं हसतायत की गप्प बसलीत, ते बघावं. बाई पोरांजवळ खाली बसते काय? लेकरू आपल्या बोलीत बोललं तर तिला चालतं काय? खेळायला माती, पाणी, बिया, ठोकळे आहेत काय? तीन वर्षांच्या पोराला रोज वहीभर लिहायला लावत असतील तर सावध राहावं. शाळा घरापासून चालत जाण्याइतकी जवळ असेल तर उत्तमच.

बदलून आलेल्या कुटुंबाने अंगणवाडी सेविकेला भेटून लेकराचं नाव नव्या गावात नोंदवावं, लसीचं कार्ड सोबत न्यावं. पोषण आहार आणि वजनाची नोंद तिथंच होते. कॉन्व्हेंट घ्यायचं की अंगणवाडी, हे ज्याने त्याने आपल्या खिशाकडे आणि लेकराच्या चेहऱ्याकडे बघून ठरवावं. फक्त ठरवण्याआधी एक सकाळ दोन्हीकडे जाऊन अर्धा-अर्धा तास बसावं. शाळा आवडली आणि तिच्यात काही कमी दिसलं, तर चार आईबापांनी मिळून ते भरून काढावं. ताराबाईंनी एका लेकीसाठी सुरू केलेलं काम असंच हजारो लेकरांपर्यंत गेलं.