पाठीवरचे मूल

सावित्रीबाई फुले म्हटले की आपल्याला भिडेवाड्यातली शाळा आठवते, अंगावर पडणारा शेणचिखल आठवतो आणि सोबत नेलेले जादा लुगडे आठवते. शाळेच्या पुस्तकातून आपण एवढेच घेऊन बाहेर पडलेलो असतो. त्यांचा शेवट कसा झाला, हे मात्र भल्या शिकल्यासवरल्या घरांतही नीट सांगता येत नाही. मला तर वाटते की त्यांचे सारे आयुष्य समजून घ्यायचे तर या शेवटापासूनच मागे जावे.

जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. १८४० साली, नवव्या वर्षी लग्न झाले. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई शिक्षिका झाल्या. १८६३ मध्ये या दांपत्याने अडलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी आपले घर उघडले. तिथेच जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी पुढे दत्तक घेतले. तो यशवंत मोठेपणी डॉक्टर झाला.

या मोठ्या कामांच्या मधे एक छोटी हकिकत दडलेली आहे. १८६८ च्या ऑगस्टमध्ये सावित्रीबाई माहेरी नायगावला होत्या. एक ब्राह्मण तरुण आणि त्याच्यापासून दिवस गेलेली महार समाजातली मुलगी, या दोघांना गावकरी मारत, धिंड काढत जीव घ्यायलाच निघाले होते. बघे पुष्कळ होते. सावित्रीबाई धावत गेल्या. हाती ना सत्ता, ना शिपाई. खून केलात तर सरकार काय करील, याची जाणीव त्यांनी जमावाला करून दिली. दोघांनी गाव सोडावे, एवढ्यावर मिटले आणि दोन जीव वाचले. हे सारे त्यांनी जोतीरावांना पत्राने कळवले.

पुढे मोठा दुष्काळ पडला. आमच्या मुरबाडकडून माळशेज घाट चढून वर गेले की जुन्नर तालुक्यातले ओतूर लागते. १८७७ च्या एप्रिलमध्ये सावित्रीबाई तिथे सत्यशोधक कार्यकर्त्यांबरोबर दुष्काळग्रस्तांच्या मदतीला होत्या.

१८९० मध्ये जोतीराव गेले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि काही महिन्यांत पुण्यात पोचला. भीतीने माणसे आजार लपवू लागली. डॉ. यशवंतांनी हडपसरच्या बाजूला, ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना थाटला होता. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळले. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्या पोराला पाठीशी घेतले आणि दवाखान्यात आणले. चरित्रकार सांगतात की मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच सापडला होता, पण तो उंदरांच्या पिसवांमधून पसरतो, हे १८९८ मध्ये पुढे आले. आपल्याला नेमके कशापासून जपायचे, हे त्यांना कळणे शक्यच नव्हते.

त्यांच्यापाशी औषध नव्हते. त्यांनी केले ते एवढेच, की रोगी आणि उपचार यांच्यातले अंतर कमी केले. मला वाटते, प्रथमोपचार याहून वेगळा नाही.

बँकेच्या नोकरीत शहापूर-मुरबाडच्या वाड्या-पाड्यांतून मी पुष्कळ हिंडलो आणि आता तानसा परिसरातच राहतो. तानशाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते, पण इथल्या काही पाड्यांपर्यंत पावसाळ्यात गाडी पोचत नाही. बांबूला चादरीची झोळी बांधून माणसे आजाऱ्याला सडकेपर्यंत आणतात. खांदा द्यायला इथे कोणी मागे हटत नाही. वेळ जातो तो त्याच्या आधी.

साप चावला की दोरी करकचून आवळतात, पात्याने कापतात, भगताकडे नेतात. यातले काहीच करू नये. माणसाला धीर द्यावा, चालू देऊ नये. अंगठी, बांगड्या काढाव्यात, चावलेला हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवावा आणि विषावरचे इंजेक्शन असलेल्या सरकारी दवाखान्यात न्यावे. सापाच्या मागे धावू नये. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. खूण दिसत नाही, दुखतही नाही. म्हणून पहाटे पोट दुखून पापण्या जड झाल्या तर थांबू नये. बँकेत व्याज दिवसांवर मोजतात, इथे ते मिनिटांवर चढते.

पाण्यात कोणी बुडत असेल तर पोहून वाचवायचे शिक्षण नसताना उडी घेऊ नये. दोर, बांबू, रिकामा कॅन टाकावा. बाहेर काढलेल्याला पाय धरून उलटे टांगू नये. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यावा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मोठ्या माणसाला सुमारे दोन इंच खोल दाब द्यावा. फिट आलेल्याला कांदा-चप्पल हुंगवू नये, बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये, कुशीवर वळवावे.

नाशिकच्या हमरस्त्यावर अपघात झाला की गाड्या मंदावतात, माणसे बघतात आणि पोलिसांचे झेंगट नको म्हणून पुढे जातात. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याचीही सक्ती नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते आहे.

आज प्रथमोपचार शिकवताना पहिला नियम सांगतात तो स्वतःला सांभाळण्याचा. तो योग्यच आहे. सावित्रीबाईंसारखे मरण कोणी कोणाकडून मागू नये. पण जे ज्ञान त्यांना मिळाले नाही, ते आपल्याला एका दुपारच्या वर्गात मिळू शकते. मग घरातल्या निदान एकाने तरी ते शिकून घ्यायला काय हरकत आहे? त्यांच्या फोटोला हार तर आपण दरवर्षी घालतोच.