कलकत्त्यात मिळालेलं संस्कृत बायबल रमाबाईंना कळलं नव्हतं, पुढे त्यांनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं

१८७८ साल. वीस वर्षांची एक मुलगी भावाचा हात धरून कलकत्त्यात पोचली. आईवडील दुष्काळात गेलेले. जवळ पैसा नाही, पण भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ. तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

याच कलकत्त्यात ख्रिस्ती मंडळींनी तिला एक पुस्तक भेट दिलं. ते होतं संस्कृत बायबल. गंमत म्हणजे संस्कृतात भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या रमाबाईंना ते वाचून काही उमगेना. काव्य-पुराणांचं संस्कृत वेगळं, हे वेगळं. पुस्तक तसंच राहिलं.

त्या वेळी त्यांना वेगळाच प्रश्न पडला होता. बायकांसमोर व्याख्यानं द्यायची म्हणून त्या धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचत होत्या. एक ग्रंथ एक सांगतो, दुसरा त्याच्या उलट. एकमत फक्त एका गोष्टीवर, ते म्हणजे बाईचा दर्जा खालचा. मग धर्मग्रंथावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर? हा प्रश्न रमाबाईंनी आयुष्यभर सोडला नाही.

लूकचं पुस्तक आणि शोमरोनी बाई

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न केलं. नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकचं शुभवर्तमान सापडलं, तेही बंगालीत. या वेळी भाषा कळत होती आणि पुस्तक आवडलंही. पण १८८२ मध्ये नवराही गेला. पदरात तान्ही मनोरमा घेऊन त्या पुण्याला आल्या. तिथे त्यांनी नवा करार नीट अभ्यासायला घेतला.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांकडे राहिल्या. समाजाने टाकलेल्या बायकांना या सिस्टर कसं सांभाळतात, ते त्यांनी पाहिलं. ही माया येते कुठून, असं विचारल्यावर त्यांना योहानच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. विहिरीवर आलेल्या, लोकांनी नावं ठेवलेल्या बाईशी येशू बोलतो, ती ही गोष्ट. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात एकच गहजब झाला.

पण गोष्ट इथे संपत नाही

बायबल ईश्वरप्रेरित आहे, म्हणजे लिहिलं माणसांनी पण त्यामागे प्रेरणा देवाची, असं ख्रिस्ती लोक मानतात. भांडण होतं ते पुढच्या प्रश्नावर. त्या ग्रंथाचा अर्थ लावायचा कोणी?

मठातल्या सिस्टरांचं म्हणणं होतं की तो अधिकार चर्चचा. रमाबाईंना ते पटेना. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही त्रैक्याची शिकवण बायबलात नेमकी कुठे आहे, असं त्या विचारत राहिल्या. पत्रांमधून कडाक्याचे वाद झाले. एका पुरोहितवर्गाच्या हाताखालून सुटून दुसऱ्याच्या हाताखाली जायची त्यांची तयारी नव्हती. म्हणजे इकडे पुण्यातले लोक नाराज आणि तिकडे ज्यांनी बाप्तिस्म्याची वाट दाखवली तेही नाराज.

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढे ते पुण्याला गेलं. रमाबाईंच्या सांगण्यानुसार १८९१ च्या सुमारास त्यांची श्रद्धा पक्की झाली. तोवर आपल्याला धर्म मिळाला होता पण ख्रिस्त नव्हता, असं त्यांना वाटू लागलं. आता त्यांच्यासाठी बायबल हा शेवटचा शब्द होता. म्हणूनच तो शब्द नेमका काय आहे, हे बघणं त्यांना जास्त गरजेचं वाटलं.

केडगावचा छापखाना

दौंडजवळच्या केडगावात त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं. दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो बाया-मुली तिथे राहत. त्यातल्या कितीतरी जणी नुकत्याच वाचायला शिकलेल्या. मराठीत नवा करार १८११ मध्येच श्रीरामपूरला छापला गेला होता, नंतर सगळं बायबलही मराठीत आलं. पण मराठी बायबलातले जड संस्कृत शब्द या बायकांच्या डोक्यावरून जायचे. शिवाय कित्येक शब्दांना हिंदू धर्मातले जुने अर्थ चिकटलेले आहेत आणि त्यामुळे मूळ म्हणणं बदलतं, असं रमाबाईंचं मत होतं.

मग पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. इंग्रजीवरून भाषांतर करणं सोपं होतं, पण त्यांना मूळ भाषांवरूनच करायचं होतं. शब्द सोपे आणि बायकांच्या रोजच्या बोलण्यातले हवे, हा दुसरा आग्रह. छापखानाही घरचाच. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं मिशनमधल्या बाया करत.

हे काम दीड दशकाहून जास्त चाललं. १९२१ मध्ये मनोरमा वारली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं. १९२४ मध्ये ते संपूर्ण छापून आलं.

चर्चमध्ये मात्र बायबल सोसायटीचंच मराठी बायबल चालू राहिलं. रमाबाईंचं बायबल फारसं पसरलं नाही. पण ते छापलं गेलं तेव्हा त्याचे खिळे जुळवणाऱ्या बायकांना त्यातलं मराठी वाचता येत होतं. वीस वर्षांच्या रमाबाईंना कलकत्त्यात मिळालेल्या बायबलाबद्दल तसं म्हणता आलं नसतं.