शाह वलीउल्लाह : कुरआनचा अर्थ आणि राज्यकर्त्यांचा हिशोब

शाह वलीउल्लाह मुहद्दिस देहलवी हे नाव आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांनी ऐकलेलं असतं. मोठे आलिम होते, एवढंच त्यांना माहीत. पण कुरआन-हदीसच्या अभ्यासातून त्यांनी राज्यकारभारालाही प्रश्न विचारले, हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणून आज थोडं त्यांच्याविषयी.

शाहसाहेबांचा जन्म १७०३ चा, उत्तर प्रदेशातल्या फुलत गावचा. वालिद शाह अब्दुर्रहीम दिल्लीत मदरसा रहीमिया चालवायचे. शाहसाहेब चार वर्षांचे असताना औरंगजेब बादशहाचा इंतकाल झाला आणि मोगल सत्तेची घसरण सुरू झाली. १७१९ मध्ये वालिद गेले. ज्या वयात आपली मुलं अकरावी-बारावीला असतात, त्या वयात शाहसाहेब मदरशात शिकवू लागले.

१७३१ मध्ये ते हजला गेले. मदिनेत शेख अबू ताहिर यांच्याकडे हदीस शिकले आणि पुढच्या वर्षी परतले. १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली, कत्तल केली. हे सगळं त्यांच्या हयातीत, त्यांच्याच शहरात घडलं.

त्या काळी कचेरीची भाषा फारसी होती. लिहिता-वाचता येणारे लोक फारसी जाणत, अरबी मोजक्यांनाच समजे. म्हणून शाहसाहेबांनी कुरआन शरीफचा सोप्या फारसीत तर्जुमा केला. त्याचं नाव 'फत्हुर्रहमान'. अल्लाहचा कलाम शिपाई, कारागीर यांच्या मुलांनाही समजला पाहिजे, हा त्यामागचा हेतू. पुढे त्यांचे मुलगे शाह रफीउद्दीन आणि शाह अब्दुल कादिर यांनी उर्दूत तर्जुमे केले.

त्यांचा मोठा ग्रंथ 'हुज्जतुल्लाहिल बालिगा' अरबीत आहे. शरीअतच्या हुकुमांमागे माणसांचं कोणतं भलं आहे, हे त्यात उलगडून दाखवलंय. त्यातच समाज कसा बनतो आणि शहरं का उजाड होतात, याचाही विचार आहे. आपल्या काळातल्या बरबादीची दोन कारणं त्यांनी दिली. एक, काम न करता सरकारी खजिन्यावर जगणाऱ्यांची गर्दी. दुसरं, शेतकरी, व्यापारी आणि कारागिरांवर लादलेले जड कर. इराण आणि रोमच्या जुन्या बादशहांची ऐयाशी रयतेच्या घामावर चालायची, हे दाखवून त्यांनी आपल्या काळातल्या उमरावांनाही आरसा दाखवला.

आता एक अवघड गोष्ट. ती टाळली तर आम्ही मुलांशी प्रामाणिक राहणार नाही. त्यांच्या राजकीय पत्रांच्या संग्रहात एक पत्र अहमदशहा अब्दालीला लिहिलेलं मानलं जातं. मराठे आणि जाट यांच्याविरुद्ध त्याने यावं, असा त्याचा आशय. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झालं. मराठ्यांच्या बाजूने तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी मुसलमानच होता. तो पकडला गेला आणि मारला गेला. मोगल सत्ता मात्र सावरली नाही, अब्दाली परत निघून गेला. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी इंग्रज कंपनीच्या हातात गेली.

आम्हाला वाटतं, रयतेच्या हलाखीचं दुखणं शाहसाहेबांनी अचूक ओळखलं. औषध मात्र बाहेरच्या तलवारीत शोधलं, तिथे ते चुकले. एवढ्या मोठ्या आलिमाबद्दल असं म्हणण्यात बेअदबी नाही. चूक माणसाकडून होते.

२० ऑगस्ट १७६२ रोजी त्यांचा इंतकाल झाला. दिल्लीत मेहदियान कब्रस्तानात त्यांची कबर आहे.

आपल्या घरी कुरआन शरीफ जुजदानात जपून ठेवलेलं असतं. मुलं नाजिरा पूर्ण करतात, आपण मिठाई वाटतो. त्यापुढे रोज चार आयतींचा अर्थ मराठीत किंवा उर्दूत वाचायला काय हरकत आहे? इन्साफ, अमानत, मजुराचा हक्क हे शब्द मुलांना अर्थासह भेटले, तर गावच्या कारभाऱ्याला हिशोब कसा विचारायचा, हेही ती शिकतील. शाहसाहेबांनी तर्जुमा हाती घेतला, तो याच भरवशावर.